काचेतला समुद्र आणि फिलिप गॉस

आमच्या बेळगावला समुद्र नाही. तरी गेल्या दिवाळीपासून आमच्या हॉलमध्ये दोनशे लिटर समुद्र आहे. दादाने पाकिटातलं समुद्री मीठ पाण्यात ढवळून तो तयार केला. त्यात दोन क्लाऊनफिश सोडले आणि एक समुद्रफूल आणलं. जानेवारीत ते समुद्रफूल आक्रसायला लागलं. मासे मात्र मजेत होते. दादाने टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले, तर पाणी लालभडक झालं. नायट्रेट ८०! खुल्या समुद्राच्या वरच्या पाण्यात ते जवळपास नसतंच.

त्याच दिवसांत मी एडमंड गॉसचं 'फादर अँड सन' वाचत होते. १९०७ साली आलेलं हे पुस्तक म्हणजे एका मुलाने आपल्या कडक, धर्मवेड्या बापाचा मांडलेला हिशोब. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की आमच्या हॉलमधल्या त्या काचेच्या पेटीला जबाबदार हाच बाप! मग पुस्तक बाजूला ठेवून मी त्याच्याच मागे लागले.

फिलिप हेन्री गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून लहान आकाराची व्यक्तिचित्रं रंगवायचे, त्यामुळे घरात पैसा कमी आणि रंग भरपूर. तो वाढला पूल या बंदरात. तिथे बेल नावाच्या आत्याने त्याला किड्या-प्राण्यांचा नाद लावला. सतराव्या वर्षी तो न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. हिशोबाच्या वह्या लिहायच्या आणि उरलेल्या वेळात किडे जमवायचे, अशी आठ वर्षं काढली. मग कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात मास्तरकी केली, तिथली गुलामगिरी डोळ्यांनी पाहिली आणि परत आला. १८४४ मध्ये पक्षी गोळा करायला जमैकाला गेला. तिथे सॅम्युअल कॅम्पबेल नावाचा कृष्णवर्णीय तरुण त्याचा मदतनीस होता. त्याच्या कामाचं श्रेय गॉसने पुस्तकात नाव घेऊन दिलं, त्या काळात हे काही रोजचं नव्हतं.

१८४८ मध्ये एमिली बाउज हिच्याशी लग्न झालं. दोघंही प्लिमथ ब्रेदरन या कर्मठ पंथातले. पुढच्या वर्षी एडमंड जन्मला, तेव्हा बापाने डायरीत त्याच्या जन्माच्या नोंदीला लागूनच जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याचीही नोंद केली. मला आधी राग आला, मग हसू आलं.

१८५२ मध्ये कामाच्या ताणाने तब्येत ढासळली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटीला खडपांवर उतरायचं, डबक्यांतले जीव आणायचे, जिवंत असतानाच त्यांची चित्रं काढायची. अडचण एकच होती. घरी आणलेलं समुद्राचं पाणी लवकर नासायचं आणि जीव मरायचे. त्याच्या आधी लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी प्रवाळ जगवले होते. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची. (हिशोब बाईंच्या नावावर, हात मोलकरणीचे!) रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यातले मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं की झाड मासळीला प्राणवायू देतं आणि मासळी झाडाला खत देते. मग खाऱ्या पाण्यात तेच साधायला तो आणि गॉस दोघेही आपापल्या जागी लागले.

गॉसचं खरं कसब इथे दिसतं. कुठलंही शेवाळ चालत नाही, हे त्याने करून करून शिकून घेतलं. खडपांवरची जाड तपकिरी शेवाळं बुळबुळीत होऊन सडतात, म्हणून ती नकोत. हिरवं पातळ उल्वा आणि तांबड्या जाती घ्या. काचेवर हिरवा थर येतो, तो खरवडायला समुद्री गोगलगायी सोडा. त्यांची जीभ शेवाळावर कशी विळ्यासारखी चालते, ते त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यात त्याने पाठवलेले बरेच जीव होते. १८५४ मध्ये 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. त्याच वर्षी समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजलाची कृती छापली. आमच्यासारख्या बेळगावकरांची सोय तेव्हापासूनची आहे म्हणायची.

पण हिशोबात एक रक्कम सुटली होती. त्या काळचा विश्वास असा, की प्राणी आणि वनस्पतींचा तोल बसला की पाणी बदलायला नको. सगळं लक्ष प्राणवायूवर. प्रत्यक्षात माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हे शेवटचं कमी विषारी असतं, पण ते साठत जातं. त्याचा वायू करून टाकणारे जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागी काम करतात, म्हणजे वाळूच्या खोल थरात किंवा सच्छिद्र दगडाच्या पोटात. साध्या पेटीत ती जागा फारशी नसते. मासे बरंच सोसतात. समुद्रफुलं आणि प्रवाळ सोसत नाहीत. गॉसने उल्वा घातलं ते प्राणवायूसाठी, आणि ते मुकाट्याने नायट्रेटही खात होतं! उपाय बरोबर, कारण अर्धवट.

पुस्तकाने मात्र वेड पसरलं. सुट्टीला येणारी मंडळी हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर उतरली. घरी नेलेले जीव मेले की पुन्हा नवे आणायचे. एडमंडने लिहिलंय की बापासोबत लहानपणी पाहिलेली ती फुललेली डबकी पुढे उजाड झाली, आणि आपल्याच पुस्तकांनी हे घडवलं याचं बापाला दुःख होतं. मला वाटतं, त्या कडक माणसाच्या आयुष्यातली ही सर्वांत खरी कबुली.

१८५७ हे वर्ष त्याला फार वाईट गेलं. फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी त्याने 'ऑम्फॅलॉस' लिहिलं. देवाने जग घडवलं ते जुनेपणाच्या खुणांसकटच, म्हणून खडकातले जीवाश्म पृथ्वीचं वय सांगत नाहीत, असा त्याचा दावा. शास्त्रज्ञांनी तो मानला नाहीच, धार्मिक लोकांनाही पटला नाही. एवढं बारीक पाहणारा माणूस इथे का अडला, हे कोडं मला सुटलेलं नाही. नाताळही त्याला मूर्तिपूजा वाटायची. नोकरांनी चोरून केलेलं प्लम पुडिंग त्याने राखेच्या ढिगात नेऊन गाडलं. नेवऱ्या-दोदोलच्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचून पुस्तक मिटावंसं वाटलं होतं.

पुढे त्याने दुसरं लग्न केलं, समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला, ऑर्किड वाढवली. थंडीच्या रात्री दुर्बिणीतून तारे पाहताना सर्दी धरली, तो आजार वाढत गेला, आणि २३ ऑगस्ट १८८८ ला तो गेला. तोवर फ्रान्समध्ये श्लोजिंग आणि म्युंट्झ यांनी नायट्रेट होण्यामागे सजीव आहेत हे दाखवलं होतं. ते काम दोन टप्प्यांत होतं हे दाखवणाऱ्यांत एक होता रॉबर्ट वॉरिंग्टन, त्या गोड्या पाण्यातले मासे जगवणाऱ्या वॉरिंग्टनचाच मुलगा! ते जिवाणू वेगळे काढले विनोग्राड्स्कीने, १८९० मध्ये. गॉसला दोन वर्षं कमी पडली.

आमच्याकडे काय झालं, तर दादाने आधी बोअरचं पाणीच तपासलं. त्यातच नायट्रेट २० निघालं. आता पाणी आरओचं. खाणं दिवसातून तीनदाऐवजी एकदा, आणि गोठवलेली कोळंबी धुऊन. दर शनिवारी पन्नास लिटर पाणी बदलायचं. नवं काही साठलं नाही तर ८० चे ६०, मग ४५, मग ३४ च्या आसपास. खालच्या टाकीत दिव्याखाली हिरवं शेवाळ वाढवतो आणि आठवड्याला मूठभर कापून फेकतो, कारण शेवाळाने खाल्लेलं नायट्रेट असंच बाहेर जातं. तिथेच कुजू दिलं तर परत पाण्यात.

गेल्या शनिवारी २५ आलं. समुद्रफूल मात्र फेब्रुवारीतच गेलं. दादाला नवं आणायचंय. मी विचारलं, हे कुठल्या खडपावरून काढलेलं असतं? दुकानदाराला माहीत नव्हतं. दादा म्हणतो, आता पाणी चांगलं आहे, हे जगेल. मी म्हणते, थांब. आमचा वाद अजून चालू आहे, आणि दगडावरची ती जागा रिकामी आहे.