आधी पैसे, मग पत्र: रोलंड हिल यांनी सोडवलेला नेटवर्कचा प्रश्न

डिले टॉलरंट नेटवर्कमध्ये दोन टोकं कायम जोडलेली नसतात. वाटेतला नोड मेसेज स्वतःजवळ साठवतो, सोबत घेऊन फिरतो आणि पुढचा नोड भेटला की त्याच्याकडे सोपवतो. पण दुसऱ्याच्या मेसेजसाठी मी माझी बॅटरी आणि मेमरी का खर्च करू? यावरचा एक उपाय म्हणजे क्रेडिट. मग ते द्यायचं कोणी, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने? हा प्रश्न मला सगळ्यात नीट समजला तो रोलंड हिल यांच्यामुळे.

हिल यांचा जन्म १७९५ मध्ये इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरचा. पेशाने शिक्षक, टपाल खात्याशी संबंध शून्य. तेव्हा टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा द्यायचा, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. त्याने पत्र नाकारलं की सगळी वाहतूक फुकट! काही जण तर पाकिटावर खुणा करून निरोप कळवायचे आणि पैसे वाचवायचे.

हिल यांनी आकडेमोड केली. लंडन ते एडिनबर्ग पत्र नेण्याचा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका निघाला. खरा खर्च होता हिशेब ठेवण्यात आणि दारोदार वसुली करण्यात. १८३७ मध्ये त्यांनी पुस्तिका काढून उपाय सुचवला: अंतर कितीही असो, दर एकच, आणि पैसे आधी.

जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी दर लागू झाला. न भरलेल्या पत्राला दुप्पट, म्हणजे नियम पाळणंच फायद्याचं. मे महिन्यात 'पेनी ब्लॅक' तिकीट आलं. पण त्यावरचा लाल शिक्का पुसून लोक तेच तिकीट पुन्हा वापरू शकत होते. आपल्या भाषेत डबल स्पेंडिंग! म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल आणि शिक्का काळा झाला.

वर्षभरात पत्रं दुपटीहून जास्त झाली, पण खात्याचा नफा कोसळला. १८४२ मध्ये हिल यांनाच घरी बसवलं गेलं. सरकार बदलल्यावर १८४६ मध्ये ते परतले आणि १८५४ मध्ये टपाल खात्याचे सचिव झाले. त्याच वर्षी भारतातही अंतर न बघता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागलं. १८७९ मध्ये हिल वारले. त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन केलं आहे.

डीटीएनमध्येही पाठवणाऱ्याकडून क्रेडिट घेतलं की फालतू मेसेजना आळा बसतो आणि घेणाऱ्याच्या नकारामुळे मधल्या नोडचे कष्ट वाया जात नाहीत. अडचण एकच: हिल यांच्या पोस्टमनला पगार होता, आपल्या नोडला नाही. मेसेज किती हातांतून जाईल हेही आधी माहीत नसतं. म्हणजे तिकीट कोणी लावायचं हे हिल सांगून गेले. ते पैसे मधल्यांत कसे वाटायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवायचंय.