शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे अंगठ्याने वाजवायला लागला आणि जॅझ गिटारचा आवाजच बदलला

गिटार म्हटलं की हातात पिक आलंच. प्लास्टिकची ती छोटी तिकोनी पट्टी. जॅझमध्ये सूर लख्ख आणि वेगात यावे लागतात, त्यामुळे बहुतेकांचं पिकशिवाय पान हलत नाही. वेस माँटगोमेरीने मात्र ते बाजूला ठेवलं आणि उजव्या हाताच्या नुसत्या अंगठ्याने वाजवलं. तेही स्वरलिपी वाचता येत नसताना.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात 6 मार्च 1923 ला त्याचा जन्म झाला. एक भाऊ बास वाजवायचा, दुसरा पियानो आणि व्हायब्राफोन. वेस मात्र गिटारच्या नादी खऱ्या अर्थाने लागला तो विशीत, लग्न झाल्यावर.

निमित्त झालं चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड्सचं. बेनी गुडमनच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार गाजवणारा हा माणूस 1942 मध्ये टीबीने गेला, वय फक्त 25. वेसने त्याच्या रेकॉर्ड्स ऐकून ऐकून एकेक सोलो जसाच्या तसा उतरवला. ना क्लास, ना पुस्तक. क्लबमध्ये पहिलं काम मिळालं तेही याच सोलोंच्या जिवावर. ते वाजवून झाले की गडी गप्प बसायचा, कारण पुढचं येतच नव्हतं!

अंगठ्याची गोष्ट याच दिवसांतली. घरी रियाज सुरू झाला की अॅम्प्लिफायरच्या आवाजाने शेजारी वैतागायचे. मग पिक सोडून अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडायला सुरुवात केली. आवाज कमी झालाच, पण तो गोल आणि मऊही झाला. तोच पुढे त्याची ओळख ठरला.

दुसरी ओळख ऑक्टेव्हची. म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवायचा, समजा मध्य सप्तकातला सा आणि तार सप्तकातला सा एकत्र. एखाद-दुसरा स्वर असा वाजवणं सोपं. हा मात्र अख्खी धून त्यात वाजवायचा, मधल्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबून गप्प ठेवत. हे बसवताना आपलं डोकं दुखायचं, असं तो सांगायचा.

1948 मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर तो दौऱ्यावर निघाला. विमानाची भीती, म्हणून गावोगाव गाडीने. दोन वर्षांत घरची ओढ लागली आणि परत आला. मग सुरू झाला तो दिनक्रम वाचूनच दम लागतो. सकाळी 7 ते दुपारी 3 रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, रात्री 9 ते 2 एका बारमध्ये आणि तिथून उठून पहाटे 5 पर्यंत मिसाइल रूम नावाच्या क्लबमध्ये. घरी खाणारी तोंडं बरीच होती.

याच मिसाइल रूममध्ये 1959 ला सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्ली ऐकायला बसला होता. त्याने थेट रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजला कळवलं. 1960 मध्ये ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ ही रेकॉर्ड आली आणि तिशी उलटलेला हा कामगार जॅझच्या जगात सगळ्यांच्या तोंडी झाला. स्वतःचं वाजवणं मात्र त्याला क्वचितच पसंत पडायचं. कानच एवढे कडक!

पुढे निर्माता क्रीड टेलरने त्याला मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत लोकप्रिय गाणी वाजवायला दिली. खप वाढला, ग्रॅमी मिळालं. जॅझवाले नाराज झाले, कारण सोलो आखूड झाले होते. तक्रार खरी होती. पण पहाटे 5 पर्यंत बारमध्ये वाजवून पोरं वाढवलेल्या माणसाने पैसे नाकारावेत, ही अपेक्षा जरा जास्तच. शिवाय लहान क्लबमध्ये तो पूर्वीसारखाच मोकळा वाजवत होता. 1965 ची ‘स्मोकिन अॅट द हाफ नोट’ ऐकली की ते कळतं.

15 जून 1968 ला इंडियानापोलिसमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय 45. जॉर्ज बेन्सन आणि पॅट मेथिनी या पुढच्या गिटारिस्टांवर त्याची छाप स्पष्ट दिसते.

ऐकायचंच असेल तर 1960 च्या रेकॉर्डमधला ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ लावा. सोलो आधी एकेरी सुरांत चालतो, मग ऑक्टेव्हमध्ये शिरतो आणि शेवटी भरगच्च कॉर्ड्समध्ये उघडतो. हेडफोन असतील तर उत्तम, अंगठा तारेवर टेकतानाचा मऊपणा नीट ऐकू येतो.