विश्लेषण : टाइप घासणारा पोऱ्या ते ‘निर्णयसागर’चे मालक… जावजी दादाजी कोण होते?

बंदुकीची गोळी आणि छापील अक्षर यांचा धातू एकच, शिसे. ओतण्याची रीतही जवळपास सारखी. शिसे वितळवायचे, पळीने दोन पाकळ्यांच्या साच्यात ओतायचे, थिजले की साचा उघडायचा, वर उरलेले शेपूट तोडायचे. काडतुसे येण्याआधी शिपाई आणि शिकारी आपल्या गोळ्या अशाच पाडून घेत. गोळी थोडी वेडीवाकडी निघाली तरी उडते. अक्षराला मात्र केसाइतकी चूक चालत नाही, देवनागरीत तर नाहीच. ही चूक काढून टाकण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या जावजी दादाजी चौधरी यांच्याविषयी…

सुरुवात कुठून झाली?

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतल्या गरीब घरातला. शाळा जवळपास नाहीच. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर कामाला लागले. काम होते टाइप घासण्याचे. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरबरीत असतात, त्या दगडावर घासून सपाट करायच्या. हे काम मुलांना देत, कारण ते स्वस्तात होई. शिशाची भुकटी बोटांना लागते, श्वासातून पोटात जाते, याची चिंता त्या काळी कोणी करत नसे.

पण तो छापखाना साधा नव्हता. थॉमस ग्रॅहम हा मराठी अक्षरांचा मोठा जाणकार कारागीर तिथे होता. देवनागरी खिळ्यांचा आकार लहान करणे, वळण सुधारणे हे त्याचे काम जावजींच्या डोळ्यांसमोर चालले होते. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश अशा छापखान्यांतही त्यांनी नोकरी केली.

खिळा तयार कसा होतो?

आधी पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात. हा पंच. तो कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो. ही मातृका. मातृका हातसाच्याच्या तळाशी बसवून वरून धातू ओततात. नुसते शिसे मऊ असते, छापताना दबते. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीने खिळा कडक होतो आणि थंड होताना कमी आकसतो. कथिलामुळे धातू पातळ होऊन खळग्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, हे मिश्रण त्याहून बऱ्याच कमी तापमानाला. त्यामुळे ते साध्या शेगडीवरही जमते.

साच्याची निवड हा खरा कळीचा मुद्दा. एका साच्यातून अक्षराची एकच उंची निघते. रुंदी मात्र साच्याचे दोन भाग सरकवून कमी-जास्त करता येते. साचा एक, मातृका अनेक. इंग्रजीला थोड्या मातृकांत भागते. मराठीला काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो लागतात. यावर दोन वाटा होत्या. पहिली, वरच्या-खालच्या खुणा वेगळ्या ओतून अक्षराला जोडायच्या. ही ‘डिग्री’ पद्धत. खिळे कमी लागतात, पण जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. दुसरी, अक्षर खुणेसह एकसंध ओतायचे. तिला ‘अखंड’ म्हणत. छपाई देखणी, खर्च मोठा.

मग घासण्याला एवढे महत्त्व का?

शिरोरेघेमुळे. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, एखादे किंचित हलले तरी दोन अक्षरांमधली फट ते झाकून घेते. मराठी शब्द एका रेघेला लटकलेला. एक खिळा कणभर जास्त रुंद राहिला की रेघ तुटते, कणभर वर-खाली झाला की तिला पायरी पडते. आणि हा दोष वाचणाऱ्याला लगेच दिसतो. दोन रुपयांवर दगडावर खिळे घासणारा मुलगा रोज नेमकी हीच गोष्ट बोटांनी मोजत होता. चरित्रकार जावजींची सचोटी आणि चिकाटी सांगतात, ते खरेच. पण त्यांचे शिक्षण त्या दगडावर झाले, हे जरा कमी सांगितले जाते.

‘निर्णयसागर’ कधी निघाला?

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैसा वाहत होता. पुढच्याच वर्षी तो फुगा फुटला, अनेक पेढ्या बुडाल्या. जावजींची भट्टी टिकली. पंच कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबत होते. या दुकलीत आरूंचे नाव नेहमी मागे राहते. पण अक्षराचे वळण ठरते ते पंच कोरणाऱ्याच्या हातात.

छापखाना नंतर, १८६९ मध्ये आला. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी अक्षर, मग पुस्तक. खिळे झिजले की विकत आणायची गरज नाही, वितळवायचे आणि पुन्हा ओतायचे. छपाई कायम ताजी. पंचांगाने छापखान्याचे नाव घरोघर नेले. मराठीतले पहिले छापील पंचांग गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये काढले होते, तेही शिळाछापावर. छापील पोथी सोवळ्यात चालत नाही, शाईत चरबी असते, असा आक्षेप घेतला जाई. म्हणून त्यांनी तुपाची शाई केली होती. जावजींच्या वेळेपर्यंत हा वाद बराच निवळला होता.

१८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक मुलांसाठी इथून निघू लागले. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी हस्तलिखितांत पडून राहिलेले संस्कृत ग्रंथ त्यात छापून काढले. संस्कृत न शिकलेल्या माणसाच्या खिळ्यांतली ही पुस्तके परदेशी विद्यापीठांतही पोहोचली. १८९२ मध्ये जावजी गेले, वय जेमतेम ५३.

परभणीशी याचा काय संबंध?

जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात येते, तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दरबारी भाषा आधी फारसी, मग उर्दू. उर्दूचे नस्तालिक वळण तिरके उतरत जाते, चौकोनी खिळ्यांत ते नीट बसत नाही. म्हणून उर्दू छपाई प्रामुख्याने दगडावर, शिळाछापानेच होई. खिळ्यांच्या मराठी छपाईची मोठी केंद्रे राज्याच्या सीमेबाहेर, मुंबई-पुण्यात होती.

जावजींनंतर पुस्तकांवर आधी तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी ही नावे दिसू लागली. जिल्ह्याच्या गावांतल्या ट्रेडल यंत्रांवर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके शिशाच्या खिळ्यांनीच छापली जात. पुढे संगणक आला, केसेस रिकाम्या झाल्या आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले.