अमीर अब्दुल कादिर : मायभूमीची साथ आणि तिच्या मर्यादा

देश युद्धात सापडला की प्रत्येक नागरिकाकडून एक अपेक्षा केली जाते : आपल्या बाजूने जे जे घडेल ते योग्यच म्हणावे. ही मागणी कितपत रास्त आहे, हे पारखायचे असेल तर अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर यांचे जीवन आपण जरूर अभ्यासावे. मायभूमीसाठी पंधरा वर्षे शस्त्र धरलेला हा पुरुष होता. त्यामुळे त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही.

त्यांचा जन्म 1808 मध्ये मस्कराजवळ झाला. वडील मुहियुद्दीन हे कादरिया सिलसिल्याचे आदरणीय धर्मगुरू. वडिलांसमवेत त्यांनी तरुणपणीच हज केले. 1830 मध्ये फ्रान्सने अल्जीयर्स जिंकले आणि दोन वर्षांनी पश्चिमेकडील टोळ्यांनी मुहियुद्दीन यांच्याकडे नेतृत्वाची गळ घातली. वृद्धापकाळामुळे त्यांनी पुत्राला पुढे केले. ग्रंथांत रमणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हातावर लोकांनी बैअत केली.

सारा देश एकमुखाने त्यांच्या पाठीशी होता, असे मात्र समजू नका. काही टोळ्यांनी त्यांचे नेतृत्व मानले नाही, काही फ्रेंचांना जाऊन मिळाल्या. 1837 मध्ये त्यांनी फ्रेंच सेनापती ब्यूजो याच्याशी ताफना येथे तह केला, तेव्हा शत्रूशी समझोता केल्याचा ठपकाही त्यांच्यावर आला. 1839 मध्ये फ्रेंच सैन्य अमीर आपला मानत असलेल्या प्रदेशातून चालून गेले, आणि युद्ध पुन्हा पेटले.

आता त्यांच्या छावणीत डोकावून पाहा. शत्रूचे मुंडके आणणाऱ्या सैनिकाला बक्षीस देण्याची रीत दोन्ही बाजूंना परिचित होती. अमीरांनी ती बंद केली आणि जिवंत कैदी आणणाऱ्यालाच बक्षीस मिळेल असे ठरवले. बंदिवानांना अन्न देण्याची कुरआनची शिकवण त्यांनी राज्याचा नियम केली. अल्जीयर्सच्या बिशपने एका कैद्याच्या सुटकेची विनंती केली असता, सर्व ख्रिस्ती कैद्यांसाठी आणि फ्रेंचांच्या तुरुंगांतील मुस्लिमांसाठीही ती का केली नाही, असे त्यांनी विचारले. त्यातून 1841 मध्ये कैद्यांची अदलाबदल घडून आली.

प्रतिपक्षाचे वर्तन याच्या अगदी उलट होते. ब्यूजोच्या फौजा उभी पिके जाळीत, गुरे हाकून नेत. 1845 मध्ये दहरा येथील गुहांत आश्रय घेतलेल्या शेकडो स्त्री-पुरुषांना व मुलांना फ्रेंचांनी धुराने गुदमरवून मारले. अशा वेळी संयम राखणे किती कठीण असते, याची कल्पना आपण करू शकता. दुसऱ्याच वर्षी, अमीर दूर मोहिमेवर असताना, त्यांच्या तळावर ठेवलेल्या फ्रेंच कैद्यांची त्यांच्याच माणसांनी कत्तल केली. त्यांनी तसा हुकूम दिला नव्हता, तरीही हा डाग त्यांच्या लष्करावर राहिलाच. फ्रेंचांचे अत्याचार कितीही मोठे असले तरी त्यांनी तो धुतला जात नाही, आणि त्यांचा चरित्रकार मुस्लिम असला तरी त्याने तो लपवू नये.

पुढे मोरोक्कोच्या सुलतानानेही फ्रेंच दबावाखाली पाठ फिरवली. डिसेंबर 1847 मध्ये अमीरांपुढे वाळवंटाकडे निसटण्याची वाट होती. पण स्त्रिया, मुले आणि जखमी मागे राहिले असते. त्यांनी साथीदारांशी सल्लामसलत केली आणि अक्का किंवा अलेक्झांड्रियाला जाऊ देण्याच्या अटीवर शस्त्र ठेवले. फ्रान्सने दिलेला शब्द मोडला. तुलाँ, पो आणि अखेर आंबुआज येथील किल्ल्यात त्यांना 1852 पर्यंत कैदेत ठेवले. तिथे मरण पावलेल्या त्यांच्या माणसांच्या स्मरणार्थ किल्ल्याच्या बागेत आज 25 शिळा उभ्या आहेत.

सुटकेनंतर ते बुर्सा आणि मग दमास्कसला आले. जुलै 1860 मध्ये तेथील ख्रिस्ती वस्तीवर जमाव तुटून पडला. अमीर आपल्या अल्जीरियन साथीदारांसह गल्लीबोळांत फिरले आणि हजारो ख्रिस्ती जिवांना त्यांनी वाचवले. घर अपुरे पडले तेव्हा लोकांना शहराच्या किल्ल्यात पोहोचवले. जमाव दाराशी आला तेव्हा स्वतः आडवे उभे राहिले. आश्रितांत फ्रान्सचा वकीलही होता. त्यांचा देश गिळणाऱ्या, त्यांना कैदेत ठेवणाऱ्या राज्याचा हा प्रतिनिधी! अल्जीयर्सच्या बिशपने आभार मानले, तेव्हा आपण शरीअतचे व माणुसकीचे कर्तव्य केले, असेच त्यांनी कळवले. कॉकेशसमध्ये रशियाशी दीर्घकाळ झुंजलेल्या इमाम शामील यांनीही त्यांचे अभिनंदन केले.

फ्रान्सविरुद्ध पुन्हा शस्त्र न धरण्याचा शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला. या शब्दपालनाबद्दल त्यांना बोल लावणारे अल्जीरियन होते आणि आजही आहेत. कैदेतील देशबांधव त्यांच्याकडे आशेने पाहत होते, हे ध्यानी घेता ती तक्रार उडवून लावण्याजोगी नाही. तरी ज्याने करार मोडणाऱ्यांशी करार पाळला, त्याने तो कुणाच्या भीतीने पाळला असे मला वाटत नाही.

1883 मध्ये दमास्कसला त्यांचे निधन झाले आणि शेख इब्न अरबी यांच्या शेजारी त्यांना दफन करण्यात आले. 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. चार वर्षांनी तेथील सरकारने त्यांचे अवशेष मायदेशी नेले आणि अल्जीयर्सच्या दफनभूमीत सन्मानाने ठेवले.