गॅरी किल्डॉल : यंत्र आणि आज्ञा यांना जोडणारा दुवा

वैयक्तिक संगणकाचा इतिहास सांगताना बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्ज ही नावे सर्वांच्या ओठांवर असतात. मात्र संगणकाच्या पडद्यावर टंकलेल्या छोट्याशा आज्ञेने डिस्क, कळफलक आणि छपाईयंत्र हलवण्याची सोय ज्यांनी घरगुती संगणकाला मिळवून दिली, ते गॅरी किल्डॉल आज अनेकांना ठाऊकही नाहीत.

१९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे त्यांचा जन्म झाला. किल्डॉल कुटुंबाची तेथे नौकानयन शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठातून संगणकशास्त्रात १९७२मध्ये डॉक्टरेट मिळवणारे किल्डॉल कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत अध्यापन करीत. १९७१मध्ये इंटेलने ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला आणि या चिमुकल्या तुकड्याचे त्यांना वेड लागले. पुढे इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करताना त्यांनी पीएल/एम ही संगणकभाषा तयार केली.

मिळवलेली फ्लॉपी ड्राइव्ह प्रक्रियकाला जोडण्याचे काम त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी केले. ती चालवण्यासाठी किल्डॉल यांनी लिहिलेली कार्यप्रणाली म्हणजे सीपी/एम. १९७४मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथे तिचे पहिले चालते रूप त्यांनी दाखवले. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी स्थापन केलेली कंपनी पुढे डिजिटल रिसर्च या नावाने ओळखली गेली.

त्या काळी प्रत्येक उत्पादकाचे यंत्र वेगळे असे. एका यंत्रासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नसे. किल्डॉल यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग उरलेल्या प्रणालीपासून वेगळा काढला आणि त्याला बायोस असे नाव दिले. नवे यंत्र आले की उत्पादकाने तेवढाच भाग नव्याने लिहायचा. मग सिसजेन ही आज्ञा दिली की प्रणाली डिस्कच्या राखीव पट्ट्यांवर बसे. नको असलेली फाइल काढण्यासाठी ईआरए ही आज्ञा होती. तिने फाइलची नोंद रद्द झाल्याची खूण होई. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डिस्कवर तसाच राही. राखीव पट्ट्यांवरील प्रणालीला या आज्ञेचा धक्का लागत नसे.

१९८०मध्ये आयबीएमचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्हला आले. त्या दिवशी किल्डॉल स्वतःच्या विमानाने व्यवसायाच्या कामासाठी गेले होते. गोपनीयतेच्या करारावर डोरोथी यांनी सही करण्यास नकार दिला. ते परतल्यानंतरही बोलणी फळाला आली नाहीत. किल्डॉल विमान उडवण्याच्या मौजेपायी संधी हुकले, ही दंतकथा मात्र पुढे कायम त्यांना चिकटली.

मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसन यांनी लिहिलेली प्रणाली विकत घेऊन आयबीएमला पुरवली. सीपी/एमवरील कार्यक्रम सहज नव्या यंत्रावर आणता यावेत, म्हणून पॅटरसन यांनी तिची रचना सीपी/एमशी मिळतीजुळती ठेवली होती. किल्डॉल यांनी हरकत घेतल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ही विक्रीस ठेवली. पण तिची किंमत २४० डॉलर, तर प्रतिस्पर्धी डॉसची केवळ ४० डॉलर. ग्राहकांचा कौल कुठे गेला असेल, हे सांगण्याची गरज नाही.

१९८०च्या दशकात संगणकविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सहनिवेदक म्हणून ते अमेरिकेत घरोघरी पोहोचले. १९९१मध्ये त्यांची कंपनी नोव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, अवघ्या ५२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०१४मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या जुन्या कचेरीबाहेर आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने स्मृतिफलक बसवला.

विंडोजमध्ये डिस्कला सी अक्षराने ओळखण्याची रीत डॉसने सीपी/एमकडूनच घेतली होती. नव्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली असली, तरी दुरुस्ती करणारा कारागीर आजही त्याला बायोसच म्हणतो. बाजाराच्या नोंदवहीतून किल्डॉल यांचे नाव पुसले गेले. त्यांचे काम मात्र संगणकाच्या गाभ्यात शिल्लक राहिले.