आवाजाने आत पाहणारे डॉक्टर : इयन डोनाल्ड



पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडात पाणी साठलंय का, साठलं असेल तर किती मिलिमीटर, हे आज डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर मोजून सांगतात. ज्यांच्या धडपडीमुळे हे शक्य झालं, त्या डॉ. इयन डोनाल्ड यांची आज ओळख करून घेऊ या.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. वडील डॉक्टरच. बालपणाचा काही काळ दक्षिण आफ्रिकेत गेला, डॉक्टरकीचं शिक्षण लंडनला झालं. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात डॉक्टर होते. जळत्या विमानातून माणसं बाहेर काढल्याबद्दल त्यांना एमबीई हा सन्मान मिळाला. रडार आणि सोनार यांची ओळख झाली ती याच काळात.

१९५४ मध्ये ते ग्लासगोला प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा परिसर जहाजांचा आणि बॉयलरचा. धातूतली भेग शोधायला तिथल्या कारखान्यांत अल्ट्रासाउंड वापरत. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून थेट रेनफ्रूच्या कारखान्यात पोचले! भरीव गाठीचा प्रतिध्वनी वेगळा, पाण्याच्या गाठीचा वेगळा, हे तिथे स्पष्ट दिसलं.

पुढे केल्विन अँड ह्यूज कंपनीतला टॉम ब्राउन हा विशीतला इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला. यंत्र त्याने घडवलं. एका बाईंना पोटाचा कॅन्सर आहे, आता इलाज नाही, असं निदान झालं होतं. यंत्राने मात्र पाण्याची गाठ दाखवली. अंडाशयाची ती गाठ काढली आणि बाई वाचल्या. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड आणि डॉ. मॅकव्हिकर यांच्या जोडीने ब्राउनचंही नाव छापून आलं. आम्हा इंजिनिअर मंडळींना याचं विशेष कौतुक!

सोनोग्राफीआधी भरपूर पाणी प्यायला लावतात ना? तीही डोनाल्ड यांचीच देणगी. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरकतात आणि आवाजाला वाट मिळते, हे त्यांनी १९६३ च्या सुमारास ओळखलं.

मुलांच्या मूत्रविकारांत आज हेच तत्त्व कामी येतं. पाणी काळं दिसतं, त्यामुळे मूत्रपिंडाची लांबी, त्यातली सूज, मूत्राशयात उरलेली लघवी, सगळं सुईशिवाय आणि एक्स-रेशिवाय मोजता येतं. नवजात बाळाला पहिले दोन दिवस लघवी कमी होते, त्यामुळे सूज खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. म्हणून तपासणी सहसा ४८ तासांनंतर करतात. गरोदरपणी सूज दिसली असेल, तर जन्मानंतरची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी जरूर करावी.

डोनाल्ड यांची हृदयाची मोठी ऑपरेशन्स झाली, तरी काम थांबलं नाही. १९६७ च्या ब्रिटिश गर्भपात कायद्याला त्यांचा कडाडून विरोध होता. १९ जून १९८७ ला ते गेले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, कारण तेव्हा मुख्यतः गर्भजल तपासणीने पोटातल्या मुली शोधून नाहीशा केल्या जात होत्या; पुढे त्यांचंच यंत्रही आपल्याकडे त्यासाठी वापरलं गेलं.

यंत्र तेच. ते बाळाचं मूत्रपिंड वाचवायला वापरायचं की बाळच नाकारायला, हे मात्र माणसाच्या हातात आहे.