सूक्ष्मकणांचे संशोधक रिचर्ड झिग्मोंडी

अंधाऱ्या खोलीत झरोक्यातून उन्हाची तिरीप आली, की तिच्यात धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. कण तेथे आधीही असतातच; परंतु बाजूने येणारा प्रखर प्रकाश आणि मागचा अंधार यांमुळे ते आपल्या नजरेस पडतात. ही गोष्ट सर्वांच्या पाहण्यातली आहे. तिचाच आधार घेऊन, उत्तम सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे द्रवातील कण ज्यांनी जगाला दाखविले, त्यांत रिचर्ड झिग्मोंडी यांचे नाव अग्रभागी आहे.

झिग्मोंडी यांचा जन्म १ एप्रिल १८६५ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी झाला. त्यांचे वडील दंतवैद्य होते. रिचर्ड पंधरा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. परंतु त्यांच्या आईने धीर सोडला नाही. मुलांनी अभ्यास करावा, तसेच डोंगर चढावे आणि पोहावे, अशी तिची शिस्त होती. रिचर्ड यांना रसायनशास्त्राची विलक्षण ओढ होती. त्यांनी घरातच एक लहानशी प्रयोगशाळा थाटली होती.

व्हिएन्ना आणि म्यूनिक येथे शिक्षण घेऊन १८८९ साली ते डॉक्टर झाले. पुढे त्यांचे लक्ष रंगीत काचेकडे वळले. काचेत अत्यल्प सोने मिसळले, की ती माणकासारखी लाल होते, हे कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पाण्यातही सोन्याचे असेच लाल द्रव तयार करता येत. पिवळे सोने लाल का दिसावे? साखर पाण्यात विरघळते, तसे ते विरघळलेले असते, की त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात? १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी अशा द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला, तेव्हा झोताचा मार्ग उजळून निघाला. त्यावरून द्रवात सोन्याचे कण असावेत, असा तर्क त्यांनी केला. तरीही प्रत्यक्ष कण कोणी पाहिला नव्हता. आणि जे पाहिले नाही त्याविषयी विद्वानांचे एकमत होईना.

झिग्मोंडी यांनी हे लाल द्रव स्वतः तयार करावयास घेतले. कधी द्रव सुंदर लाल होई, तर कधी जांभळा आणि गढूळ. प्रयोग तोच, पण फळ वेगळे! विचारान्ती दोष पाण्यात असल्याचे त्यांना आढळून आले. ऊर्ध्वपातन केलेल्या नितळ पाण्यातही अशुद्धीचा अंश राहत होता, आणि तेवढ्यानेच प्रयोग बिघडत होता. तेव्हा त्यांनी वाफ चांदीच्या नळीतून नेऊन थंड केली व अतिशुद्ध पाणी मिळविले. मग द्रव हमखास लाल होऊ लागला.

१८९७ साली ते जर्मनीतील येना गावी शॉट यांच्या प्रसिद्ध काचकारखान्यात रुजू झाले. परंतु मनातला प्रश्न स्वस्थ बसू देईना. १९०० साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि केवळ संशोधनास वाहून घेतले. येना येथेच झाइस यांच्या कारखान्यात हाइनरिख सीडेनटॉप्फ हे पदार्थवैज्ञानिक काम करीत असत. त्यांच्या सहकार्याने झिग्मोंडी यांनी अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्याचे वर्णन १९०३ साली प्रसिद्ध झाले.

साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते. प्रकाशाच्या लहरींच्या लांबीमुळे, मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून लहान वस्तूचा आकार त्यातून स्पष्ट दिसत नाही. झिग्मोंडी यांनी आकार पाहण्याचा हट्टच सोडून दिला. त्यांनी बारीक फटीतून प्रखर प्रकाश द्रवात आडवा सोडला आणि वरून सूक्ष्मदर्शकातून पाहिले. आडवा प्रकाश सरळ डोळ्यांत येत नाही. म्हणून पार्श्वभूमी काळी राहते. कणावर आदळून विखुरलेला प्रकाश मात्र वर येतो आणि कणाच्या जागी तेजस्वी ठिपका दिसतो. रात्री दूरच्या डोंगरावरील दिव्याचा आकार कळत नाही, पण दिवा आहे एवढे निश्चित कळते. तसेच हे आहे.

लाल द्रवात असे असंख्य ठिपके अविरत इकडेतिकडे धावताना दिसले. सोने विरघळलेले नव्हते. त्याचे कण होते! काही कण मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाहूनही लहान होते. त्यांचे माप कसे काढले? ठराविक द्रवातील ठिपके मोजले. त्यात किती सोने आहे, हे ठाऊक होतेच. भागाकार करताच एका कणाचे वजन आणि त्यावरून आकारमान मिळाले.

१९०७ साली झिग्मोंडी गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी बाखमान यांच्यासह अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पटलाची गाळणी तयार केली. पुढे पाण्यातील रोगजंतू शोधण्यासाठी अशा गाळण्यांचा फार उपयोग झाला. १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना १९२६ साली देण्यात आले. सप्टेंबर १९२९ मध्ये गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

आज दिव्याच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा आला आहे. कणांची धावपळ टिपून संगणक त्यांचे आकारमान सांगतो. लहान कण अधिक चपळ असतात, हे त्यामागील सूत्र होय. पाण्यात किंवा औषधात न दिसणारे कण आहेत काय, हे अशा रीतीने तपासता येते. मूळ युक्ती मात्र तीच आहे: बाजूने प्रकाश आणि मागे अंधार. पाणी नितळ दिसले म्हणून ते शुद्ध मानू नये, प्रत्यक्ष तपासून पाहावे, हाच धडा झिग्मोंडी यांनी आपल्या कार्याने घालून दिला आहे.